गवत तुमचं, माती आमची

(अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. पाड्यांवर वाचून दाखवायला हवं, असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून लिहून काढलं. बोलले तसंच ठेवलं आहे.)



काल रात्री उशिरापर्यंत नाच झाला. पुष्कळांच्या डोळ्यांवर अजून झोप दिसते आहे. म्हणून आज मी कलमं आणि नियम सांगणार नाही. एक गोष्ट सांगणार आहे. पण ती राजा-राणीची नाही, घडलेली आहे. एका मास्तरांनी मला इंग्रजी पुस्तक दिलं होतं. मी बारावीपर्यंत शिकलेली, माझं इंग्रजी केवढं? डिक्शनरी घेऊन सारा पावसाळा ते पुस्तक वाचत बसले. आणखी दोन-तीन ठिकाणहून माहिती काढली. मग वाटलं, हे एकटीने ठेवून उपयोग नाही.

आधी एक प्रश्न. शाळेत आम्हाला विचारायचे, अमुक देशाचा शोध कोणी लावला? एका मार्काचा प्रश्न. आम्ही एका गोऱ्या खलाशाचं नाव लिहायचो आणि मार्क मिळायचा. तेव्हा डोक्यात आलं नाही, आज येतं. शोध कशाचा लागतो? हरवलेल्या वस्तूचा. गाय हरवली तर आपण रानात शोधतो. पण जिथे माणसं घर बांधून राहत होती, शेत करत होती, मेलेल्यांना पुरत होती, ती जागा कुणाची हरवली होती?

अशाच एका जागेची ही गोष्ट. पृथ्वीवर सगळ्यात मोठा समुद्र प्रशांत महासागर. त्याच्या मधोमध एक बेट आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. दुसरं नाव आहे ते पितो ओ ते हेनुआ. त्याचा अर्थ जमिनीची बेंबी असा करतात. बेट लहान आहे, साधारण १६३ चौरस किलोमीटर. तीन टोकांचं, तिन्ही टोकांना विझलेले ज्वालामुखी डोंगर. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोचेल, एवढंच. पण भोवती किती पाणी? माणसं राहतात असं सगळ्यात जवळचं दुसरं बेट दोन हजार किलोमीटरवर. मुंबईहून दिल्लीपेक्षाही लांब, आणि मध्ये नुसतं पाणी. ज्या चिली देशाचं राज्य आज त्या बेटावर आहे, त्याचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे.

एवढ्या लांब पहिल्यांदा कोण पोचलं? गोरे नाही. पॉलिनेशियाचे लोक पोचले, तेही गोऱ्यांच्या कितीतरी शे वर्षं आधी. दोन होड्या शेजारी-शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, शीड लावायचं. वाट दाखवायला तारे, वारा, लाटांची दिशा आणि पक्षी. हातात कंपास नाही, नकाशा नाही. त्यांच्या कथेत होतू मातुआ नावाचा पुढारी आहे. तो आपली माणसं घेऊन आनाकेना नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरला, असं सांगतात. होडीतून आणलं काय? कोंबड्या, केळी, अळू, ऊस, कोनफळासारखे कंद. आणि रताळी. आपल्या परसात जे आहे तेच! मला ते वाचून हसू आलं. एवढ्या दूरचे लोक, आणि पाटीत माल आपलाच.

त्या लोकांनी आपल्या पूर्वजांचे दगडी पुतळे केले. त्यांना मोआई म्हणतात. जवळजवळ ९०० पुतळे आहेत. बहुतेक पुतळे रानो राराकु नावाच्या एकाच डोंगरातून कोरून काढले. दोन-तीन माणसांच्या उंचीचे पुष्कळ. एक तर एकवीस मीटरचा, अजून डोंगरातच पडून आहे, पुरा झाला नाही. लोखंड नव्हतं, दगडाने दगड कोरला. पुतळा ओट्यावर उभा करायचे आणि बहुतेकांचं तोंड समुद्राकडे नाही, गावाकडे. म्हणजे म्हातारे मेले तरी त्यांची नजर घरावर आहे. आपणही आपल्या पूर्वजांसाठी दगड-लाकूड उभं करतो. त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगायला नको. गोऱ्यांना मात्र दोनशे वर्षं कोडं पडलं, की असल्या उघड्या माणसांनी हे केलं तरी कसं!

आता झाडांचं सांगते, कारण ते लपवणं बरोबर नाही. त्या बेटावर पूर्वी मोठाल्या ताडासारख्या झाडांचं जंगल होतं, ते संपलं. लोकांनी शेतीसाठी तोडलं, जाळलं. होडीतून आलेल्या उंदरांनी बिया कुरतडल्या, नवी झाडं उगवेनात. दोन्ही झालं. पण पुष्कळ पुस्तकांत एवढंच लिहितात, की या अडाणी लोकांनी जंगल खाल्लं आणि स्वतःच मेले. हे अर्धं सांगणं आहे. झाडं गेल्यावर लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी शेतात दगड पसरले, म्हणजे वाऱ्याने माती उडू नये, ओल टिकावी. दगडाची गोल भिंत करून आत केळी, अळू लावलं. आणि जगले. पहिला गोरा आला तेव्हा त्याला पिकती जमीन आणि धडधाकट माणसं दिसली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. ते लोक कशाने मेले ते आता येतंच आहे.

पहिला गोरा आला १७२२ साली, ५ एप्रिलला. याकोब रोगेवेन, हॉलंड देशाचा, तीन जहाजं घेऊन. तो दुसरीच मोठी जमीन शोधत होता, ती सापडली नाही, हे बेट दिसलं. त्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा सण होता, म्हणून नाव ठेवलं ईस्टर आयलंड. कुणाला विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या गावाला नाव आहे का? नकाशात आजही तेच नाव आहे.

जहाज किनाऱ्याशी आलं तेव्हा बेटावरचा एक माणूस होडी घेऊन एकटाच भेटायला गेला. घाबरला नाही. जहाजावर चढला, दोर, शीड, तोफा सगळं निरखून पाहिलं. आरशात तोंड दिसलं तर मागे कोण आहे म्हणून वळून बघितलं. मग काही दिवसांनी, १० एप्रिलला, सव्वाशेच्या वर शिपाई बंदुका घेऊन किनाऱ्यावर उतरले. लोक बघायला जमले. कुणी बंदुकीला हात लावला, कुणी कपड्याला. मागच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. दहा-बारा माणसं जागच्या जागी मेली. रोगेवेन म्हणतो, मी हुकूम दिला नव्हता. असेल. पण मेलेल्यांना त्याचं काय? आणि त्यानंतर लोकांनी काय केलं? कोंबड्या, केळी, रताळी आणून पुढे ठेवली, शांत व्हा म्हणून. शोध लागला तो असा.

मग ४८ वर्षं कुणी आलं नाही. १७७० साली स्पेनची दोन जहाजं आली, पेरूच्या व्हाइसरॉयने पाठवलेली. कप्तान फेलिपे गोन्सालेस. यांनी गोळ्या नाही घातल्या, कागद आणला. डोंगरावर तीन क्रूस रोवले, तोफा उडवल्या, आणि सांगितलं की आजपासून हे बेट स्पेनच्या राजाचं. नाव पुन्हा बदललं, सान कार्लोस. कागदावर बेटाच्या पुढाऱ्यांकडून खुणा करून घेतल्या. त्यांनी काहीबाही रेघा आणि पक्ष्यासारखी चित्रं काढून दिली. त्यांना वाटलं असेल पाहुण्यांचा काही खेळ आहे. त्यांच्या भाषेत स्पेन नाही, राजा म्हणजे कोण ते ठाऊक नाही, आणि समुद्रापलीकडच्या माणसाला डोंगर देता येतो हे तर स्वप्नातही नाही. माझ्या बापानेही एकदा अशा एका कागदावर अंगठा दिला होता. साहेब म्हणाले, मोजणीचा आहे. पुढे कळलं, त्यात लिहिलं होतं की ही जमीन माझी नाही, मी अतिक्रमण केलं. त्यामुळे ते पान वाचताना मी थांबले होते.

१७७४ च्या मार्चमध्ये इंग्रजांचा कप्तान कुक आला. त्याच्याबरोबर माहिने नावाचा पॉलिनेशियाच्याच दुसऱ्या बेटावरचा एक तरुण होता. त्याला इथल्या लोकांचं बोलणं थोडंफार समजत होतं. इतक्या हजार किलोमीटरवर, तरी भाषेचं मूळ एक! कुकला ताजं खाणं पाहिजे होतं. लोकांनी रताळ्यांच्या टोपल्या विकल्या. वर रताळी, खाली दगड! (इथे सगळे हसले.) हसा, पण हेही बघा की तोवर लोकांना गोऱ्यांचा व्यापार कळला होता. कुक चार दिवसांत गेला. त्याला बेट आवडलं नाही, पाणी नाही, लाकूड नाही. त्या वेळी काही पुतळे पडलेले दिसले असं त्याने नोंदवलं आहे.

१७८६ मध्ये फ्रान्सचा ला पेरुज आला, एक दिवस राहिला. लोकांनी त्याच्या माणसांच्या टोप्या, रुमाल पळवले. त्याने राग धरला नाही. बी-बियाणं पेरून दिलं, आणि शेळ्या, डुकरं, मेंढ्या भेट दिल्या. ही मेंढी लक्षात ठेवा. बेटावर मेंढी पहिल्यांदा भेट म्हणून आली. शंभर वर्षांनी ती मालक होऊन आली.

यानंतर जहाजं वाढली. १८०५ मध्ये नॅन्सी नावाच्या अमेरिकन जहाजाने बारा पुरुष आणि दहा बायका बांधून नेल्या, सील मारायच्या कामाला. तीन दिवसांनी पुरुषांना मोकळं केलं, कारण आता जमीन कुठेच दिसत नव्हती, पळून जातील कुठे? तर त्यांनी समुद्रात उड्या टाकल्या आणि घराच्या दिशेने पोहायला लागले. तीन दिवसांच्या अंतरावर. पुढे जी जहाजं आली त्यांना लोकांनी दगड मारले. १८१६ मध्ये रशियाच्या कप्तानाला दगड पडले. पुस्तकात लिहितात, हे लोक रानटी झाले. कशाने झाले ते त्याच ओळीत लिहीत नाहीत.

आता सगळ्यात वाईट सांगते. १८६२ च्या डिसेंबरात पेरू देशातून मजूर धरायला जहाजं आली. किनाऱ्यावर मणी, आरसे, रंगीत वस्तू टाकल्या. लोक बघायला वाकले, गुडघ्यावर बसले. कप्तानाने इशारा केला, बंदुका सुटल्या, आणि खाली बसलेल्यांना दोरीने बांधलं. काही महिन्यांत सुमारे चौदाशे माणसं नेली. त्यांत त्यांचा राजा होता, त्याचा मुलगा होता, पोथी वाचणारे होते. पोथी म्हणजे लाकडी फळ्या. त्यावर ओळीने चित्रलिपी कोरलेली, तिचं नाव रोंगोरोंगो. पेरूत शेतावर आणि मालकांच्या घरी काम, आणि रोगराई. बहुतेक सगळे मेले. बाहेरच्या देशांनी ओरडा केला तेव्हा पेरूच्या सरकारने परत पाठवायला सांगितलं. शंभराच्या आसपास लोकांना जहाजात घातलं. बेटावर जिवंत उतरले पंधरा. आणि त्यांच्या अंगावर देवी होत्या. मग त्या रोगाने गावंच्या गावं झोपली. त्या फळ्या आज वीस-पंचवीस उरल्या आहेत, सगळ्या बाहेरच्या देशांत, संग्रहालयांत. त्या वाचणारा एकही माणूस जगात नाही. म्हातारी माणसं न सांगता गेली की काय होतं, ते हे.

उरलेल्यांवर मग दोघे आले. आधी पाद्री, आणि १८६८ मध्ये दुत्रू-बोर्निए नावाचा फ्रेंच माणूस. त्याने जमिनीचे सौदे केले, मेंढ्या आणल्या, लोकांची घरं जाळली, बंदूक चालवली. पुष्कळ लोकांना बेट सोडून दुसऱ्या बेटांवर जावं लागलं. लोकांनी १८७६ मध्ये त्याला मारून टाकलं. १८७७ मध्ये एका फ्रेंच माणसाने डोकी मोजली. अख्ख्या बेटावर १११ माणसं. आपल्या एका पाड्यात याहून जास्त असतात.

त्या मूठभर लोकांकडे ९ सप्टेंबर १८८८ ला चिलीचं जहाज आलं. कप्तान पोलिकार्पो तोरो. पुन्हा कागद. एक कागद स्पॅनिश भाषेत, एक बेटाच्या भाषेत, ताहितीचे शब्द मिसळलेला. स्पॅनिश कागद म्हणतो, बेटाचं राज्य आम्ही कायमचं चिलीला देतो. बेटाच्या भाषेतला कागद तसं म्हणत नाही. त्यात वरचं आणि खालचं असा भेद आहे. तिथली म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. त्या वेळचा पुढारी आतामु तेकेना खाली वाकला आणि मातीसकट गवताचा झुपका उपटला. गवत तोडून कप्तानाच्या हातात दिलं. माती आपल्या खिशात घातली. म्हणजे, वर तुमचा झेंडा राहू दे, तुमची जनावरं चरू देत. माती आमची.

लिहिता येत नसलेल्या माणसाने याहून चांगला करार कसा करावा? पण कोर्टात माती बोलत नाही, कागद बोलतो. चिलीने सगळं बेट मेंढपाळीच्या धंद्याला भाड्याने दिलं. आधी मेर्ले नावाचा व्यापारी, मग १९०३ पासून विल्यमसन-बाल्फोर ही इंग्रजांची कंपनी. मेंढ्या हजारोंनी वाढल्या. ज्या दगडांच्या पूर्वजांनी भिंती केल्या, ओटे केले, ते उचलून मेंढ्यांचे वाडे बांधले. आणि माणसांना हांगा रोआ या एका गावात घातलं, भोवती दगडी कुंपण. बाहेर जायचं तर परवानगी. आपल्याच आजाच्या शेतावर जायला परवानगी! सोमवारी सरकारचं फुकट काम, म्हणजे आपल्याकडे वेठ होती तसंच. त्यांचा तरुण राजा रिरो तक्रार घेऊन चिलीला गेला, तो तिथेच मेला. विष घातलं असं बेटावरचे लोक मानतात.

लोक गप्प बसले का? १९१४ साली आंगाता नावाची एक म्हातारी उठली. तिला स्वप्न पडलं. ती म्हणाली, देवाने सांगितलंय की ही जमीन आणि ही जनावरं आपली आहेत, जा आणि घेऊन या. तिचा निरोप कंपनीच्या मॅनेजरला दिला गेला. मग लोकांनी कुंपण ओलांडलं, गुरं-मेंढ्या आणल्या, कापल्या आणि पोटभर खाल्ल्या. सुमारे महिनाभर हे चाललं. शेवटी चिलीचं लढाऊ जहाज आलं, काही पुढारी पकडले. आंगाता त्यानंतर लवकरच वारली. पण कुंपण ओलांडता येतं हे पोरांनी पाहिलं होतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगितली ते. ११ नोव्हेंबर १९३३ ला चिली सरकारने वाल्परायसो शहराच्या नोंदणी कचेरीत अख्खं बेट सरकारच्या नावावर लावून घेतलं. बेटापासून साडेतीन हजार किलोमीटरवर बसून. कुठल्या कायद्याने? त्यांच्या कायद्यात एक कलम आहे, ज्या जमिनीला दुसरा मालक नाही ती सरकारची. म्हणजे होतू मातुआपासून राहणारी माणसं, ९०० पुतळे, ओटे, केळीच्या बागा, हे सगळं असून मालक नाही! का? तर कागद नाही. दोन वर्षांनी त्याचं राष्ट्रीय उद्यान केलं.

हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय ना? ‘ही जमीन कुणाचीच नाही, म्हणून सरकारची.’ मी तुलना लांबवत नाही. तुमचं तुम्ही समजून घ्या.

कंपनीचा करार १९५३ मध्ये संपला, पण जमीन परत आली नाही. नौदलाचं राज्य आलं. लोकांना मत नाही, नागरिकाचे हक्क नाहीत. १९६४ मध्ये अल्फोन्सो रापू नावाचा गावातलाच शिकलेला पोरगा, मास्तर, वय २२, त्याने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, सगळी दुखणी त्यात घातली. लोक त्याच्यामागे उभे राहिले. त्याला पकडायला आले तेव्हा गावाने, त्यातही बायांनी, त्याला हाती लागू दिलं नाही. १९६५ च्या सुरुवातीला लोकांनी त्यालाच निवडून गावचा प्रमुख केलं. १९६६ मध्ये कायदा झाला, लोक नागरिक झाले, मत मिळालं, कुंपणाचे दिवस गेले. जमिनीचं भांडण मात्र सुटलं नाही. पुढे सरकार म्हणालं, अर्ज करा, एकेकाला तुकडा देतो. पुष्कळ म्हातारे म्हणाले, आमचीच जमीन आम्ही तुमच्याकडे का मागायची?

मग त्या म्हाताऱ्यांनी एक काम केलं. त्यांची वडीलधाऱ्यांची परिषद आहे. १९८८ मध्ये, त्या गवत-मातीच्या कराराला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांनी पुस्तक काढलं. त्यात घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या. कुणाचा बाप कोण, त्याचा बाप कोण, कुठली जागा कुठल्या कुळाची. ज्यांच्या फळ्यांची लिपी मेली होती, त्यांनी नवीन लिपीत आपली आठवण उतरवली.

माझं सांगणं एवढंच. शिबिराहून गेल्यावर प्रत्येक पाड्यावर एक वही करा. शंभर पानी चालेल. सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरू करा, आणि म्हाताऱ्या बायांना विसरू नका, त्यांना जास्त आठवतं. प्रत्येक शेताचं जुनं नाव लिहा. कुणी पहिल्यांदा मोकळं केलं, कुणाची समाधी कुठे, कुठल्या झाडाखाली देव, कुठला झरा कुणी बांधला, जुनं गाव कुठून उठलं. दंडाच्या जुन्या पावत्या चुलीवरच्या फळीवरून काढा, धुराने काळ्या झाल्या असतील तरी टाकू नका. ज्या साली दंड भरला त्या साली तुम्ही ती जमीन कसत होता, याचा तो त्यांनीच दिलेला पुरावा आहे. आणि वाचून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा नको. वाचणारा गावात नसेल तर साहेबाला सांगा, उद्या या.

आतामु तेकेनाने माती खिशात घातली ते बरोबरच केलं. आपण माती हातात ठेवू, आणि वहीतही लिहू.

जोहार. जिंदाबाद.